विटकरी रंगाच्या दिवशी गाडी नाही

त्या उन्हाळ्यात माझा वाचायचा चष्मा सुटला आणि मी ते कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरलो. शहाऐंशी-सत्याऐंशी साल असेल. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि ठाण्यात खोपटजवळच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायला होतो. चाळिशीचा चष्मा लागून दोन वर्षं झाली होती. एका सकाळी चहा घेताना पेपर उघडला, चष्मा शोधायचा कंटाळा आला म्हणून तसाच चाळायला लागलो, तर छोट्या जाहिरातींची अक्षरंसुद्धा स्वच्छ दिसली. बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून मी तिला एक अख्खी जाहिरात वाचून दाखवली. ती म्हणाली, थंडीत गाजरं खाल्लीत त्याचा गुण असेल. दोघंही हसलो.

दूरचं मात्र जरा धूसर झालं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. मे महिन्यात रस्त्यावर धूळ उडते, ऊन डोळ्यांवर येतं, काच पुसूनही पुसल्यासारखी वाटत नाही, असं काहीबाही मनाशी म्हणत होतो. तहानही अशीच उन्हाच्या खाती गेलेली. ऑफिसातला माठ मी एकटा दुपारपर्यंत निम्मा करायचो. गाडीत पाण्याची बाटली असायची, ती दोन फेऱ्यांत संपायची. आणि मग दर तासाला कुठेतरी आडोसा बघून गाडी थांबवावी लागायची. शिकणाऱ्यांना मी सांगायचो, आता जरा न्यूट्रलमध्ये उभं राहायची प्रॅक्टिस करा, आलोच. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं तेव्हा बायकोच्या कपाळावर आठी आली, पण मी म्हटलं, उन्हाळ्यात सगळेच वाळतात.

आमचं स्कूल म्हणजे एक खोली, भिंतीवर रंगवलेल्या वाहतुकीच्या खुणा, आणि दोन जुन्या गाड्या. गिअर स्टिअरिंगलाच असलेल्या, आणि डाव्या सीटच्या पायाशी जादाचा ब्रेक आणि क्लच बसवलेला. मी त्या डाव्या सीटवर बसायचो. बाहेरच्यांना वाटायचं, मास्तरचं काम बोलायचं. खरं काम बघायचं होतं. शिकणारा माणूस बॉनेटच्या पलीकडे बघत नसतो, त्यामुळे त्याच्या आधी दोनशे पावलं मला दिसलं पाहिजे, म्हणजे वेळेवर पाय दाबता येतो. एवढ्या एका गोष्टीचा मला पगार मिळत होता.

त्याच उन्हाळ्यात बाळकुमहून एक कोळीण शिकायला आली. चाळिशीची, उंच, आवाज खणखणीत. तिचा नवरा होडीतून उतरताना पडला होता आणि त्याचा उजवा हात कोपरात नीट वळत नव्हता. त्यांनी मासळी कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात न्यायला एक जुना टेम्पो घेतला होता. ठेवलेला ड्रायव्हर आठवड्यातून दोन दिवस यायचाच नाही, आणि बर्फात घातलेली मासळी त्याच्यासाठी थांबायची नाही. म्हणून ती म्हणाली, मीच शिकते. आमच्या शेठना ते पटलं नव्हतं. बाई टेम्पो चालवणार, उद्या काही झालं तर नाव स्कूलचं जाईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मी शिकवतो, जबाबदारी माझी.

सकाळी बाजार असल्यामुळे ती दुपारी साडेतीनला यायची. लुगड्याचा काष्टा घातलेला, हाताला मासळीचा वास राहू नये म्हणून लिंबू चोळलेलं. चार दिवसांत तिने क्लच समजून घेतला. होडी चालवणाऱ्या घरातली असल्यामुळे असेल, पण पुढच्याचा अंदाज तिला आधीपासून होता. कोण कुठे वळेल, कुणाचं लक्ष नाही, हे तिला न सांगता कळायचं. तिच्याबरोबर माझा पाय ब्रेकवर सैल असायचा.

आठव्या की नवव्या दिवशी आम्ही कोलशेतच्या रस्त्याला होतो. तेव्हा तिकडे दोन्ही बाजूंना शेतं आणि मिठागरं होती, रहदारी तुरळक. पुढे विटांचा एक ट्रक रखडत चालला होता. ऊन समोरून येत होतं. मी तिच्या बाजूला वाकून ट्रकच्या उजवीकडून बघितलं, रस्ता मोकळा दिसला, आणि म्हटलं, हॉर्न द्या आणि बाहेर काढा. तिने गाडी बाहेर काढली नाही. मी पुन्हा सांगितलं. ती तशीच ट्रकच्या मागे राहिली. माझा आवाज चढला. एवढ्यात ट्रकच्या बाजूने एक सायकलवाला आमच्या दिशेने आला आणि तिच्या खिडकीला लागून निघून गेला. मागे कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. त्यातलं पाणी उघड्या खिडकीतून माझ्या शर्टाच्या बाहीवर उडालं.

तिने गाडी हळूच कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मी शिकवलेल्या क्रमाने सगळं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तो सायकलवाला तुमाला दिसला नाय."

मी म्हटलं, ट्रकच्या आड होता.

"आड नव्हता. कवाचा येत व्हता समोरशी. मना दिसला, तुमाला नाय दिसला." तिने माझ्या पायाशी लोळणाऱ्या रिकाम्या बाटलीकडे बघितलं. "माजे आयेला पन असाच व्हता. पानी पानी करायची. तुमाला साखर हाय, मास्तर. डाक्तरकडं जा."

मला राग आला. विद्यार्थ्याने मास्तरला असं सांगावं याचा आला, आणि ते बाईने सांगितलं याचाही आला, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी घड्याळ बघून म्हटलं, वेळ संपली, चला परत. परतीच्या वाटेवर माझा पाय पूर्ण वेळ ब्रेकवर होता, आणि मला घाम येत होता. सायकल जरा अलीकडे असती, आणि तिने माझं ऐकलं असतं, तर काय झालं असतं हे डोळ्यांसमोरून हलेना.

एवढं होऊनही मी डॉक्टरकडे गेलो नाही. माझे वडील गावाकडे, कोकणात, साखरेनेच गेले होते. शेवटी त्यांचा पाय काढावा लागला होता. तो पाय मी बघितला होता. शिवाय ओळखीतल्या एका ड्रायव्हरला साखर निघाली तेव्हा त्याला गाडीवरून उतरवून गोदामात बसवलं होतं. मला गाडीशिवाय काही येत नव्हतं. तपासलं नाही तर रोग नाही, असा काहीतरी हिशेब मी मनात मांडला असणार.

डॉक्टरऐवजी मी चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारे होते. त्यांनी भिंगं बदलून बदलून बघितली, दूरचा नंबर काढला, आणि कागदावर लिहायच्या ऐवजी पेन्सिल खाली ठेवली. दोन वर्षांपूर्वी दूरचं साफ होतं का, विचारलं. हो म्हटलं. जवळचं वाचायला आता चष्मा लागत नाही का, विचारलं. मी जरा अभिमानानेच हो म्हटलं. ते म्हणाले, असा एकाएकी नंबर बदलतो तेव्हा आधी रक्त तपासून घ्यावं, मग या, चष्मा पळून जात नाही. मी बरं म्हणून बाहेर पडलो आणि दुसऱ्या दुकानात गेलो, जिथे काही विचारत नव्हते. तीन दिवसांत चष्मा मिळाला. तो लावून रस्त्यावर आलो तर समोरच्या झाडाचं पान न् पान वेगळं दिसलं. सुटलो, असं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी कोळणीने चष्म्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी शेठच्या पुतण्याचा साखरपुडा होता, शहाडला, मुलीकडे. स्कूलचीच गाडी घेऊन आम्ही सकाळी निघालो. मी चालवायला, शेजारी शेठ, मागे त्यांची बायको, मुलगी आणि म्हातारी आई. जाताना काही झालं नाही. कार्यक्रम छान झाला. पंगतीत श्रीखंड होतं. मुलीकडच्यांनी आग्रह केला, मला तहान लागलेलीच होती आणि गार श्रीखंड घशाखाली बरं वाटत होतं. दोनदा वाढून घेतलं, वर सरबत.

साडेतीनच्या सुमाराला परत निघालो. मागे बायका आहेराच्या साड्यांबद्दल बोलत होत्या. जीभ टाळूला चिकटलेली, आणि डोळ्यांवर अशी गुंगी की ती नुसत्या जेवणाची नव्हती. नवा चष्मा लावलेला असूनही समोरच्या गाड्यांना कडा राहिल्या नव्हत्या. जिथे ट्रक असायला हवा तिथे एक तपकिरी ठिपका मोठा होत यायचा. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, काही फरक नाही. मग शेठनी विचारलं, शहाड स्टेशनजवळ गर्दी कमी होती ना आज. आणि मला शहाडचं स्टेशन आठवेना. गाडी मी चालवत होतो, आम्ही कल्याणात पोचलो होतो, म्हणजे ते मागे गेलंच होतं. पण त्या रस्त्याचा एक तुकडा माझ्याकडे नव्हताच.

कोलशेतला शेजारी दुसरं कुणी बघणारं होतं. इथे मागे तीन बायका होत्या आणि त्या निवांत होत्या, कारण गाडी मास्तर चालवत होते.

दुर्गाडीच्या पुलाच्या अलीकडे एका चिंचेखाली मी गाडी कडेला घेतली आणि चावी काढली. शेठनी विचारलं, पंक्चर का.

मी म्हटलं, "नाही. मला नीट दिसत नाहीये. मी पुढे गाडी चालवणार नाही."

शेठना आधी काही कळलं नाही. मग त्यांना वाटलं, मी मांडवामागे जाऊन घेतली, आणि त्यांनी जवळ येऊन माझा वासही घेतला. मग म्हणाले, अहो जरा तोंडावर पाणी मारा, चहा घ्या, एवढं काय, ठाणं किती लांब आहे. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. एरवी मी शेठना नाही म्हणणारा माणूस नव्हतो. तेवढ्यात मागून म्हातारी म्हणाली, "तो नाही म्हणतोय ना, मग त्याला लावू नकोस. त्याला कळतं म्हणून म्हणतोय." विषय तिथे संपला.

प्रश्न उरला, चालवायची कुणी. इथे सांगायला हवं की आमच्या शेठना गाडी येत नव्हती. म्हणजे लायसन्स होतं. पण स्कूल त्यांच्या थोरल्या भावाने काढलेलं, भाऊ गेल्यावर ते यांच्याकडे आलं, आणि शेठ टेबलाशी बसून फॉर्म भरण्यात तरबेज झाले. लायसन्स मिळाल्यानंतर त्यांनी गाडी चालवल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. आता बायको-मुलीसमोर ते म्हणायची सोय नव्हती. ते उजव्या सीटवर जाऊन बसले, मी डाव्या. माझ्या पायाशी ब्रेक होता, पण तो कधी दाबायचा हे बघायला डोळे नव्हते. तेव्हा असं ठरलं की क्लच आणि गिअर मी आवाजावरून सांगायचे, रस्ता शेठनी बघायचा, आणि त्यांच्या मुलीने मागून पुढे वाकून काय काय येतंय ते मोठ्याने सांगत राहायचं.

अशी आमची गाडी दुर्गाडीचा पूल उतरली. कोनच्या पुढे ट्रकांची रांग लागली तेव्हा शेठ अर्धा तास पहिल्याच गिअरमध्ये होते. मुलगी सांगायची, बाबा, डावीकडून रिक्षा, बाबा, म्हैस. मी इंजिनाची धाप ऐकून म्हणायचो, आता दुसरा घाला, क्लच पूर्ण दाबा, सोडताना सावकाश. भिवंडीच्या अलीकडे दोनदा बंद पडली. मागचे हॉर्न देत होते. म्हातारी म्हणाली, देऊ देत, त्यांचं पेट्रोल जातंय का आपलं. कशेळीची खाडी ओलांडली तेव्हा शेठनी पहिल्यांदा तिसरा गिअर न सांगता घातला. खोपटला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. शेठ खाली उतरले, सदरा पाठीला चिकटलेला, आणि गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, रस्ता मोकळा नव्हता म्हणून, नाहीतर चौथासुद्धा घातला असता. त्यांची बायको हसायला लागली, आणि मग सगळेच. मी घरी चालत गेलो. पाय हलके झाले होते. रोग कुठला, नोकरीचं काय, काहीच माहीत नव्हतं, पण ते मागचे सगळे आपापल्या पायांनी जिना चढून घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त कपाटातून पैसे काढले आणि चप्पल घातली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक डॉक्टर होते. मितभाषी, टेबलावर कायम थंड होत चाललेला चहा. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि संध्याकाळी रिपोर्ट बघितला. साखर चारशेच्या वर होती. त्यांनी मला विचारलं, अशात तुम्ही गाडी शिकवत होता? मी मान खाली घातली. शहाडचं सांगितलं तेव्हा मात्र ते म्हणाले, "थांबलात हे चांगलं केलंत. आता मी सांगेपर्यंत कुठलीच गाडी चालवायची नाही आणि शिकवायचीही नाही."

मी विचारलं, कायमची?

"कायमची कशाला? साखर खाली येऊ दे, डोळे ठिकाणावर येऊ देत, मग बघू. आणि तोपर्यंत नवीन चष्मा करू नका."

तो मी करून बसलोच होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. बायकोने सांगितलं.

माझी भीती शेठची होती. मी जाऊन रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, दीड-दोन महिने लागतील. शेठनी तो उलटा-सुलटा बघितला. मग म्हणाले, मला कोनच्या नाक्यावर ट्रकच्या मागे उभं राहून कळलं, मास्तर काय काम करतात ते. तुम्ही ऑफिसात बसा, नवीन लोकांना खुणा शिकवा, फॉर्म भरा. दुसरे मास्तर दोन्ही गाड्या बघतील. पगार तोच राहील असंही म्हणाले, आणि लगेच दुसऱ्या कागदात डोकं घातलं. मी माठ भरायला गेलो.

कोळीण त्या दुपारी आली. मी तिला दुसऱ्या मास्तरांबरोबर जायला सांगितलं. तिने कारण विचारलं आणि मी सांगितलं. तुम्ही म्हणालात तेच निघालं, असंही म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर बरोबर ठरल्याचा आनंद दिसला नाही. ती म्हणाली, दीड महिना तो जुना ड्रायव्हर येईल तसा येईल, पण मी तुमच्याकडेच शिकेन. आणि जाताना दारातून, "पायात चप्पल घालून फिरा, घरात पन."

पहिले काही आठवडे रोज सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन इन्सुलिन घ्यायचं होतं. कंपाउंडर काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढायचा. घरी भात मोजून, साखर बंद, संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या. आणि लघवी तपासायची. घरात रक्त तपासायची यंत्रं तेव्हा आमच्यासारख्यांकडे नव्हती. निळ्या रंगाचं एक औषध मिळायचं. ते काचेच्या नळीत थोडं घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी अशी वाढत जाते, आणि विटकरी झालं तर भरपूर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळची पहिली लघवी रात्रभराची जमलेली असते, ती धरू नका, दुसरी तपासा.

बायकोने न्हाणीघराच्या फळीवर त्याची जागा केली. पहिल्या दिवशी नळीत उकळी आली आणि निळ्याचं बघता बघता विटेसारखं लाल झालं. तळाशी गाळ बसला. आम्ही दोघं त्या नळीकडे बघत राहिलो. वडिलांचा पाय मला आठवला. तिने नळी धुतली आणि कॅलेंडरच्या चौकोनात तांबड्या पेन्सिलीने एक ठिपका केला. तेरा-चौदा दिवस तांबडे ठिपके पडले. मग एक नारिंगी. मग पुन्हा तांबडा, कारण मी भाचीच्या वाढदिवसाला केकचा तुकडा खाल्ला होता. मग पिवळे सुरू झाले.

मध्येच मात्र एक घाबरवणारा आठवडा आला. तहान गेली, पट्टा घट्ट व्हायला लागला, आणि एका सकाळी पेपर उघडला तर अक्षरांच्या जागी नुसती करडी रेघ. हात लांब केला तरी वाचता येईना. नवा चष्मा लावला तर दूरचंही फिरलं, डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, संपलं, डोळे गेले. दवाखाना उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, म्हणून तुम्हाला जवळचं फुकटात दिसत होतं. आता साखर उतरतेय, भिंग जागेवर येतंय, त्याला थोडा वेळ द्या. म्हणून तर चष्मा करू नका म्हटलं होतं. मी विचारलं, मग मी त्या उन्हाळ्यात चष्मा सुटला म्हणून सगळ्यांना सांगत होतो ते? ते म्हणाले, ते आजाराचं लक्षण होतं.

पुढचे पंधरा दिवस मी फॉर्म भरायला शेठच्या टेबलावरचं मोठं भिंग वापरलं. मग एका दुपारी ऑफिसच्या दारात उभा असताना डेपोतून बाहेर पडणाऱ्या एस.टी.ची पाटी मला वाचता आली. साधी पाटी, मुरबाडची. मी मागच्या गाडीचीही वाचली, तिच्यामागच्या रिक्षाचा नंबर वाचला, पलीकडच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे मोजले. घरी जाऊन खणातला जुना चाळिशीचा चष्मा काढला. पेपर त्याच्यातून पहिल्यासारखा दिसला. बायको नळी उकळत होती. तिने ती उजेडात धरून दाखवली. हिरवी होती, फिकट हिरवी.

डॉक्टरांनी आणखी दहा दिवस थांबवलं. इन्सुलिन बंद करून गोळ्या दिल्या. मग परवानगी दिली, पण अटींसकट. सकाळी तपासल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. विटकरी आली तर त्या दिवशी गाडी नाही, कारण काहीही असो. धूसर दिसलं, फार तहान लागली, गुंगी वाटली, तर जिथे असाल तिथे कडेला घ्यायची. आणि गोळ्या घेऊन उपाशी बसायचं नाही, कारण साखर फार उतरली तरी माणूस तितकाच धोक्याचा, आणि ते नळीत दिसत नाही. त्यासाठी डॅशबोर्डमध्ये खडीसाखरेची पुडी ठेवायची. एवढं बोलून त्यांनी गार चहा घेतला.

कोळीण दुसऱ्याच दिवशी साडेतीनला हजर झाली. आम्ही पुन्हा कोलशेतच्या रस्त्याला गेलो. पावसाळा अर्धा झाला होता, खाचरं पाण्याने भरलेली. मी लांबूनच म्हटलं, डावीकडे म्हैस आहे, पुढे दोन पोरी छत्री घेऊन चालल्यात, त्यांच्यामागे सायकल. ती म्हणाली, "आता मास्तर मास्तरसारखे बोलताव." पावसाळा संपता संपता तिला लायसन्स मिळालं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिला दोनदा मागे घ्यायला लावलं, तिने दोन्ही वेळा एका झटक्यात घेतली. टेम्पोचं लायसन्स वेगळं काढावं लागलं, तेही झालं.

त्यानंतर मी सतराएक वर्षं गाडी शिकवली. विटकरी दिवस आले नाहीत असं नाही. ताप आला की यायचे, एकदा दात सुजला तेव्हा सलग चार दिवस आले. सुरुवातीला शिकणाऱ्यांना आज नाही म्हणताना कारण सांगायची लाज वाटायची, काहीतरी थाप मारायचो. नंतर सरळ सांगायला लागलो, माझी साखर वाढलीय, आज माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. एकही विद्यार्थी त्यामुळे सोडून गेला नाही. उलट एक बँकेतले गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाले, मलाही आहे हो, मी कुणाला सांगितलं नाही. त्यांना मी त्या दिवशी गाडी शिकवायच्या ऐवजी नळी कशी उकळायची ते शिकवलं.

नव्वदच्या दशकात माझ्या लायसन्सची मुदत संपत आली. डॉक्टर म्हणाले, आता इतकी वर्षं झाली आहेत, नुसता नंबर बघून भागणार नाही, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. साखरेने पडदा खराब होतो हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते दोन वर्षं टाळलं होतं. एवढं सगळं होऊनही मी तसाच होतो. शेवटी बायकोनेच वेळ घेतली आणि आम्ही ठाण्यातल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकून तासभर डोळे मिटून बसवलं. मग अंधाऱ्या खोलीत प्रखर उजेड डोळ्यांत सोडून वर बघा, खाली बघा, डावीकडे, असं बराच वेळ चाललं. एक डोळा झाला. दुसरा झाला. मी खुर्चीची दांडी धरून बसलेलो.

"पडदा स्वच्छ आहे, काका," त्या म्हणाल्या. "दोन्ही. वर्षातून एकदा दाखवत जा."

बाहेर आलो तर थेंबांमुळे सगळं फटफटीत पांढरं दिसत होतं. दुपारचे बारा वाजलेले, डोळे उघडवत नव्हते, समोरच्या दुकानांच्या पाट्या वितळल्यासारख्या. आज दिवसभर गाडी नको, असं बाईंनी बजावलं होतं. तसं त्यांनी सांगायची गरज नव्हती. बायकोने हात धरून रस्ता ओलांडवला आणि रिक्षा थांबवली. मागच्या सीटवर टेकून बसलो. रिक्षावाला कुठल्या रस्त्याने नेतोय, पुढे कोण आडवं येतंय, काही दिसत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. बायको काय सांगितलं ते पुन्हा विचारत होती, पुन्हा पुन्हा, आणि मी दर वेळी पहिल्यांदा सांगतोय तसं सांगत होतो. घरी जाऊन आमटी-भात जेवलो, खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपलो.